आतली कडी

बाईंबद्दल कुणी विचारलं की सुतार आधी मान हलवतो. त्याला फार थोडं माहीत होतं. त्या मूळच्या कुठल्या, घरी कोण होतं, आणि ज्या नरकातून मुली सुटून आल्या होत्या तिथूनच त्या स्वतः आल्या होत्या की काय, हे त्याने कधी विचारलं नाही. ती त्याची प्राज्ञा नव्हती. बाईंचा राग तेवढा त्याला ओळखीचा होता, आणि तो तर सगळ्या गल्लीला ओळखीचा होता.

फसवून विकलेल्या, धंद्याला लावलेल्या आणि सोडवून आणलेल्या मुलींचं ते घर. मालकी एका संस्थेची, पण चालवायच्या बाई. दवाखान्यात नेणं, कोर्टात शेजारी बसणं, काम शोधून देणं, सगळं त्यांच्याकडे. गल्ली तोंडावर नमस्कार करायची आणि पाठ फिरली की दात काढायची. कोपऱ्यावरच्या वाण्याने एकदा सुतारासमोरच विचारलं, "बाई, तुमच्या त्या बिघडलेल्या पोरींना साधा स्वयंपाक तरी येतो का?"

बाईंनी तागडीतली साखर परत पोत्यात ओतली. "बिघडलेली ती गिऱ्हाइकं. त्यातली दोन-चार तुमच्या दुकानात रोज येत असतील. त्यांना विचारा."

त्यानंतर साखर दुसऱ्या दुकानातून यायला लागली.

सुताराला बोलावलं ते दारांसाठी. पूर्वी ते कुठलंसं गोदाम होतं, त्यामुळे खोल्यांना कड्या बाहेरून. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, या सगळ्या उपटा. कडी हवी ती आतून. कोंडणारे बाहेरूनच कोंडतात."

त्याने मुकाट्याने उपटल्या. त्या घरात तो मुकाट्यानेच वावरायचा. नवी स्वयंपाकीण आली तेव्हा मुली काही केल्या तिला मावशी म्हणेनात, कारण तिकडे, धंद्यावर, कोंडून ठेवणारीलाही त्यांना मावशीच म्हणावं लागे. "माय मरो आणि मावशी जगो म्हणे," बाई धुमसत म्हणाल्या. "ही म्हण काढणाऱ्याला एकदा माझ्याकडे पाठवा." सुताराने रंधा जरा जोरात मारला, म्हणजे आपण ऐकलं नाही असं वाटावं.

मुलींत सर्वांत लहान ती धाकटी. ती दिवसभर आपल्या खोलीची कडी लावायची, काढायची, परत लावायची. खट्, खट्. सुताराला वाटलं, कडी घट्ट बसत असेल, पोरीला त्रास होतोय. त्याने कडी घासली, बिजागऱ्यांत आणि कडीत तेल सोडलं. लोण्यासारखी सरकायला लागली. स्वतःच्या हातावर खूश होऊन तो घरी गेला.

सकाळी बाई दारातच उभ्या. "तेल कुणी घातलं?"

"मीच. आवाज करत होती."

"तो आवाज ऐकून ती झोपते, मिस्त्री. डोळे मिटून तिला कळायला हवं की दार लागलंय, आणि ते तिने लावलंय. काल पोर दाराला पाठ लावून बसून राहिली."

सुताराने कडी सोडवली, तेल पुसलं, खाचेत पत्र्याचा तुकडा ठोकला. धाकटीने एकदा ओढून बघितली. खट्. "चालेल, आजोबा," ती म्हणाली. ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली होती.

मग एके दुपारी धाकटी कुणाला न सांगता बाहेर पडली आणि जेवायच्या वेळेला परतली. सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम मागून आली होती, आणि मिळवूनही. बाईंनी तिला ताट वाढलं. संस्थेच्या अध्यक्षांच्या मात्र पायाखालची जमीन सरकली.

"पळाली असती तर?"

"पळून जायचं असतं तर जेवायला कशाला आली असती?"

"जबाबदारी माझी आहे. खोल्यांना बाहेरून कड्या बसवा. त्यांच्याच भल्यासाठी."

कड्यांचं खोकं सुताराच्या घरी येऊन पडलं. तो ते घेऊन चोरासारखा बाईंसमोर उभा राहिला. त्यांनी खोक्यात पाहिलं. "एकच बसवा. ऑफिसच्या दाराला."

बाई नमल्या, असं त्याला वाटलं. तरी त्याने कडी बसवली.

पुढच्या बैठकीला अध्यक्ष आणि दोन सभासद ऑफिसात बसले. बाईंनी बाहेरून कडी सरकवली, स्टूल ओढलं आणि चहा घेत बसल्या. आतून आधी हाका, मग थापा. मग बाईंचा फोन वाजला.

"तुमच्या भल्यासाठीच आहे, साहेब," त्या फोनवर म्हणाल्या. "बाहेरचं जग फार वाईट आहे."

सुतार जिन्यात उभा होता. त्याला हसू येत होतं आणि घामही फुटला होता. आत कुणीतरी खरंच घाबरलं होतं. पाणी, पाणी म्हणत होतं. बाई हलल्या नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला होता की त्यांना हाक मारायचीही सुताराला भीती वाटली.

तेवढ्यात हाताला ग्रीस लागलेली धाकटी कामावरून आली. थापा ऐकून पांढरी पडली. कुणाकडेही न बघता पुढे झाली आणि कडी काढली.

"कुणालाच नको," ती बाईंना म्हणाली, आणि आपल्या खोलीत गेली. खट्.

बाईंनी कप खाली ठेवला. सुताराने त्यांना मान खाली घातलेलं तेव्हाच काय ते पाहिलं.

पाणी मागणारा सभासद शर्टाच्या बाहीने तोंड पुसत एवढंच म्हणाला, "कड्या नकोत." दुसऱ्यानेही मान डोलावली. अध्यक्षांना त्यांचं ऐकावं लागलं. पण नाक कापलं गेलं होतं, त्याची भरपाई त्यांनी बाईंना काढून केली. इतक्या वर्षांच्या कामाची ही बोळवण. सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि बोलता येत नाही म्हणून त्याने ऑफिसच्या दाराची कडी स्क्रूसकट ओरबाडून काढली. त्या दाराला अजून भोकं आहेत. बुजवायला त्याने साफ नकार दिला.

बाई निघाल्या तेव्हा तो फाटकाशी होता. बाईंच्या हातात एक पिशवी. कुठे चालल्या, हे त्याने तेव्हाही विचारलं नाही.

"मिस्त्री, न्हाणीघराचं दार फुगलंय. खाली घासतंय."

"रंधा मारतो."

"आणि धाकटीच्या कडीला तेल नको."

"नाही घालत."