आत्याचे देणगीदार

माझ्या बायकोच्या आत्याइतक्या ताठ मानेने पैसे मागणारं माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात सापडायचं नाही. नवापूरची ही बाई अर्धा जन्म मासळी विकत हिंडली आणि उतारवयात बोईसरला आदिवासी मुलींचं वसतिगृह काढून बसली. मी साताऱ्याकडचा, वीजकेंद्रातला पापभीरू नोकरदार. पण "जावय, गाडी काढा," असा तिचा फोन आला की रजा टाकून गाडी काढायची. दुसरं काही बोलायची माझी छाती नाही.

पहिल्या भेटीत ती कुणाचा पैसा घ्यायचीच नाही. एका कंपनीच्या मॅनेजरने चेक पुढे केला, तर म्हणाली, "ठेव खिशात. पयला जेवून जा, वळख होऊ दे." देणगीदाराकडे बारसं असो की मयत, आत्या हजर. त्याच्या आईचे पाय चेपणार आणि त्यालाच चार शब्द सुनावणार. दिवाळीला प्रत्येकाकडे सुक्या बोंबलांची पिशवी जायची. तशी एक पिशवी रंगाच्या कारखान्याच्या एका मालकाकडेही गेली, आणि शेठ निघाला जैन! ऑफिसात हाहाकार. शेठ स्वतः पिशवी हातभर लांब धरून परत करायला आला. मी लाजेने अर्धा झालो. आत्याने कपाळावर हात मारून घेतला, त्याला अंगणात बसवलं, शहाळं सोलून दिलं. पोरींचे पाढे ऐकत तो संध्याकाळपर्यंत बसला. जाताना म्हणाला, "बहनजी, अनाज मैं भेजूंगा. बस, वो थैली मत भेजना." त्यानंतर वर्षानुवर्षं पोरींनी त्याचंच धान्य खाल्लं.

पुढे शेठचा कारखाना बंद पडला. धान्य थांबलं, पण आत्याचं त्याच्याकडे जाणं काही थांबलं नाही. वसतिगृहाचे कमिटीवाले म्हणाले, "आत्या, आता त्यांच्याकडे आहे काय?" आत्या उसळली, "नाय काय, म्हणूनच जायाचा! हाय तवा समदेच जातात."

अशात मनोरच्या हायवेवरचा एक हॉटेलमालक वसतिगृहाचा वरचा मजला बांधून द्यायला तयार झाला. नव्या पोरींना झोपायला जागा नव्हती, मजला झाला नाही तर त्यांना पाड्यावर परत धाडावं लागणार होतं. देणगी जाहीर करायचा कार्यक्रम मनोरलाच ठरला. पहिल्या रांगेत, नेहमीच्या जागी, आत्याने शेठला बसवलं. हॉटेलवाल्याचा माणूस आत्याच्या कानाशी लागला, "साहेबांच्या फोटोत बुडालेला माणूस नको. त्यांना मागे बसवा." शेठने ते ऐकलं. तो उठायला लागला, तर आत्याने त्याचा खांदा दाबून खाली बसवलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शेठ हितंच बसंल. फोटोत अडचण होत असंल, तर तुमी उठा."

हॉटेलवाला उठला, आणि त्याच्याबरोबर वरचा मजलाही गेला. कमिटीवाले तिला वाट्टेल ते बोलले. ती कुणापुढे नमली नाही.

परतताना गाडीत मात्र ती एकदम म्हणाली, "जावय, त्या पोरींना आता काय सांगू?" आवाज ओला होता. तिला असं मी कधी पाहिलंच नव्हतं. बायकोला न विचारताच मी बोलून गेलो, "दोघी आमच्याकडे राहतील." तिने लगेच डोळे पुसले आणि गाडी नवापूरकडे वळवायला लावली. अंधार पडेपर्यंत दारोदार हिंडून उरलेल्या पोरींची सोय करूनच ती घरी गेली.

त्या दोघी अजून आमच्याकडे आहेत. वरचा मजला अजून झालेला नाही. आत्या हल्ली फार थकलीय, आमच्या घरचा जिना चढताना मधेच थांबते. तो मजला ती असताना व्हावा, एवढंच मला मनापासून वाटतं.