शिंप्याच्या बहिणीचा पाच आकडी नंबर

एक्स्चेंजबाईंना तुम्ही गाव सांगा, त्या तिथला एसटीडी कोड सांगतील. कोड सांगितलात तर गाव सांगतील, आणि वर तिथला ऑपरेटर किती कुचकट होता तेही ऐकवतील. चौतीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसल्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. सुनेला मात्र या विद्येचं काडीचं कौतुक नाही. "आई, आता कोड कुणाला लागतो? नाव दाबलं की लागतो फोन." बाई ऐकून घेतात. एकही नंबर पाठ नसलेल्या माणसाचा मोबाईल हरवला की तो बायकोलाही पारखा होतो, असं त्यांचं ठाम मत आहे. पण ते सुनेपुढे मांडून घरात कटकट कोण वाढवणार?

इमारतीखाली शिंप्याचं दुकान आहे. त्या दुपारी बाई पडदे आखूड करून घ्यायला उतरल्या. शिंपी मापांची जुनी वही चाळत होता. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला शून्याने सुरू होणारा एक नंबर होता, आणि बाईंचा डोळा बरोब्बर तिथे गेला.

"हा कुणाचा हो?"

"कुणाचा नाही," शिंपी म्हणाला. मग त्या नंबरावर बोट ठेवून, "बहिणीचा होता. तिच्या नवऱ्याला मी चारचौघांत नको ते बोललो आणि गाव सोडून इकडे आलो. पत्ताही कळवला नाही. पुढच्या वर्षी राग उतरला, तेव्हा तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तेच, हा क्रमांक अस्तित्वात नाही. म्हटलं, तिनं फोनच काढून टाकला, म्हणजे आपलं नावच टाकलं. अकरा वर्षं झाली."

बाई बोटांवर मोजू लागल्या. "शून्य सोडा, ते नुसतं बाहेरगावी जायचं दार. उरले कोडचे चार आणि नंबरचे पाच. नऊ झाले. दहा हवेत. मोठ्या शहराचा कोड आखूड आणि नंबर लांब, लहान गावाचं उलटं, पण बेरीज दहाच. त्या सुमारास खात्यानं सगळ्या जुन्या नंबरांच्या आधी दोनचा आकडा लावला. जुना नंबर लावला की सहा महिने तसं सांगणारी टेप वाजायची, मग ती बंद केली. तुम्ही नेमका त्यानंतर फोन केलात."

शिंप्याने वही खाली ठेवली. "म्हणजे तिनं काढला नव्हता?"

"तेव्हा तरी नाही."

हे बोलल्या आणि बाईंना धसका बसला. आता घरोघरच्या लाइनी कापल्या गेल्यात. हीही गेली असेल, तर या माणसाला उगीच आशेला लावून दुसऱ्यांदा तेच ऐकवायचं. तोंड उघडलं नसतं तर बरं, असं त्यांना मनापासून वाटलं. तसं त्यांनी सांगूनही टाकलं.

"तुम्हीच लावा," शिंपी मोबाईल पुढे करत म्हणाला. "माझ्या हातून व्हायचं नाही."

शून्य, कोड, दोन आणि मग ते पाच आकडे. घंटा वाजू लागली. सहा झाल्या, सात झाल्या, आणि कुणा बाईचा आवाज आला. एक्स्चेंजबाईंची जुनी सवय उसळून आली. "बाहेरगावचा कॉल आहे, लाइन सोडू नका," असं म्हणून त्यांनी मोबाईल शिंप्याच्या हातात कोंबला.

"मी बोलतोय," शिंपी म्हणाला.

मशीनच्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून त्याने मोबाईलचा आवाज मोठा ठेवलेला असायचा, त्यामुळे पलीकडचं बोलणं बाईंनाही ऐकू आलं. बहीण अगदी साध्या आवाजात म्हणाली, "दादा, घरातले दर महिन्याला मागे लागतात, हा फोनचा डबा काढून टाक, यावर कुणाचा फोन येत नाही. मी म्हणते, एकाचा यायचा राहिलाय."