आकडा दे, पाणी घे

"तू उंबऱ्याच्या बाहेर थांब. पाहुण्या गेल्या की आत ये."

बालवाडीच्या बाई असं म्हणाल्या आणि माझ्या कडेवरचं पोर काढून त्यांनी सतरंजीवर बसवलं. पोर रडलं. मी बाहेर थांबले.

बाई पुण्याच्या, मी त्यांच्या हाताखाली. गाणी, गोष्टी, आकडे त्यांच्याकडे. पोरांचा शेंबूड, हगमूत, चिखलाचे पाय माझ्याकडे. माझी बसायची जागाही दारातच. आम्ही धनगर. नवरा गेल्यावर पौडच्या बाजारात कोंबड्या विकून मी घर उभं केलं. सौद्यात मला कुणी गुंडाळलं नाही. तरी त्या दिवशी गप्प उभी राहिले. कारण मलाही वाटायचं, शिकवणं बाईंचं, धुणं माझं.

बालवाडी तपासायला पाहुण्या जीपमधून आल्या. हातात वही. पाटलांच्या चार वर्षांच्या नातीला, शेवंतीला, त्यांनी विचारलं, "बाळ, दहापर्यंत म्हणून दाखव."

शेवंतीनं पाय लांब केले. तिचं बघून सगळ्या पोरांनी पाय लांब केले.

"हे काय?"

"पानी वता की," शेवंती म्हणाली.

पाहुण्या हसल्या. बाई लाल झाल्या.

रोज पाय धुताना मी एकेका बोटावर पाणी ओतायची. आकडा सांगितल्याशिवाय पुढच्या बोटावर पाणी नाही. आकडा दे, पाणी घे. बाजारचीच रीत. गार पाण्याला पोरांनी पाय आखडू नयेत, एवढाच माझा हेतू. पोरं त्यातच मोजायला शिकली, हे मला तेव्हा उंबऱ्याबाहेरून दिसलं.

"हिच्या नादानं बिघडलीत," बाई म्हणाल्या. "अडाणी आहे. फक्त पुसायला ठेवलीय."

मी तांब्या उचलला. आत गेले. शेवंतीच्या अंगठ्यावर धार धरली.

"एक," शेवंती म्हणाली. मग दोन. मग तीन. दहापर्यंत कुठं अडली नाही. सतरंजी भिजली.

पाहुण्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि बाईंकडे वळून म्हणाल्या, "छान तयारी करून घेतलीत हो."

बाई म्हणाल्या, "प्रयत्न असतो आमचा."

जीप गेली. मी तांब्या बाईंच्या पुढ्यात ठेवला.

"उद्यापासून पाय तुमी धुवा. आकडे मी बघते. न्हाईतर दोन्ही तुमीच करा."

"फार शहाणी झालीस!"

"व्हय. म्हनून तर चालले."

तिसऱ्या दिवशी पाटील स्वतः माझ्या घरी आले.

"बये, पोरं लई रडत्यात. चल माघारी."

"बसायचं कुटं?"

"म्हंजी? हाय तितंच. दारात."

"मग न्हाई."

"तू काय मास्तरीण लागून गेलीस व्हय?"

"तुमच्या नातीला इचारा, पाटील."

ते गेले. पोरांच्या आठवणीनं जीव तुटायचा, पण मी गेले नाही.

आता गुडघे गेलेत. कोंबड्यांचं डालगं डोक्यावर पेलत नाही. सौदा करायचाही कंटाळा येतो. तरी कुणी लेकरं सांभाळायला बोलवायला आलं, की मी आधी तेच विचारते, बसायचं कुठं? उंबऱ्याबाहेर म्हणाले, की माझे हात माझ्या घरी.