दादांचं औटहाऊस

निपाणीच्या स्टँडवर माझी ट्रंक दादांनी स्वतः एसटीच्या टपावर चढवली. कंडक्टर म्हणत होता, "दिवाणजी, राहू द्या की, मी चढवतो," पण ऐकतील ते दादा कसले! तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते ते. पोत्याची गाठ आणि ट्रंकेची दोरी दुसऱ्याने बांधलेली त्यांना उभ्या जन्मात पटली नाही. खाली उतरून त्यांनी धोतराला हात पुसले आणि ह्यांना म्हणाले, "बेळगावात रेल्वेत बसताना आधी ट्रंक आत घ्या, मग तुम्ही चढा." मग माझ्याकडे वळले, पण माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिल्या घरी सुखी राहा." आई मी लहान असतानाच गेलेली, भाऊ-बहीण कोणी नाही. एसटी हलली तेव्हा माझं सगळं माहेर छत्री काखेत मारून स्टँडवर एकटंच उभं होतं. संकेश्वरपर्यंत मी डोळे कोरडे ठेवले. पुढचं विचारू नका.

तुम्ही जे निपाणीतच राहिलात, त्यांना हे वाचून हसू येईल, पण सांगतेच. मी म्हैसूर राज्यात गेले, आणि काही वर्षांनी राज्यांच्या हद्दी नव्याने आखल्या तेव्हा निपाणीही माझ्यामागून म्हैसूर राज्यात आली. तिकडे तुमचे मोर्चे निघाले, हरताळ झाले, लोकांनी काठ्या खाल्ल्या. मी मात्र इथे वर्तमानपत्र हातात धरून एखाद्या खुळीसारखा विचार करत होते की सगळं गाव आलं, आता दादाही येतील.

आमचा पहिला संसार बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये एका औटहाऊसमध्ये झाला. पुढे मालकांचं मोठं घर, मध्ये विहीर, केळी आणि नारळ, आणि मागे परसात एक खोली, स्वयंपाकाची पडवी, न्हाणीघर, की झालं घर. पुण्याहून आलेल्या एका पाहुणीला ती गडीमाणसांची खोली वाटली. तिला काय कळणार? सरकारी कारखान्यांत नोकरीला आलेले आम्ही बहुतेक सगळे कुणाच्या ना कुणाच्या परसातच राहत होतो. मालकीणबाईंना मी अक्का म्हणायला लागले, आणि वर्षभरात माझ्या तोंडात थोड्याला 'स्वल्प' आणि बरंला 'सरी' असे काही बसले की हे मला चिडवायचे, "स्वल्प मराठीही येऊ दे अधूनमधून." दादांना मात्र माझं कन्नड ऐकवायची सोय नव्हती. बाजारच्या दिवशी तंबाखूवाल्या शेतकऱ्यांशी बोलून बोलून त्यांचं कन्नड माझ्याहून कितीतरी चांगलं होतं.

दादा आमच्याकडे आले ते अरुणच्या बारशाला. दुपारी आले, बाळाच्या हातात चांदीचा वाळा घातला, जेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उचलली. लेकीला मुलगा होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. तो संपला म्हणून ते जेवले तरी. पण मुक्काम? छे! "लेकीच्या घरी पाहुण्यासारखं जावं, आणि आपण पाहुणे आहोत हे विसरायच्या आत निघावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला त्या वाक्याचा फार राग यायचा. अजूनही येतो.

पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. वखारीची नोकरी सुटली, पण मालकांनी राहायची खोली ठेवू दिली. दादा आपला स्वयंपाक आपणच करायचे. शेजारच्या ताराकाकूंनी एकदा कळवलं की दिवाणजींनी भाकरी टाकताना तवा समजून निखाऱ्यावर हात ठेवला. हे लगेच म्हणाले, "त्यांना घेऊन ये." आमचे हे तसे कमी बोलतात, पण बोलतात ते मनापासून. मी निपाणीला गेले, तर दादा फडकं गुंडाळलेला हात मागे लपवून म्हणाले, "जावयाच्या दारात म्हातारपण काढायला मी निराधार आहे का?"

हे होईपर्यंत आम्हाला जयनगरात जागा मिळाली होती. रागीची, म्हणजे आपल्या नाचणीची, शेतं मोडून दोऱ्या लावून आखलेले प्लॉट, मोठमोठे काळे दगड, आणि रस्त्याच्या नावाखाली तांबडी माती. तेव्हा तिथे एक नवी तऱ्हा निघाली होती. लोक आधी प्लॉटच्या मागच्या टोकाला छोटं औटहाऊस बांधायचे, त्यात राहायला जायचे, आणि मग पुढे सवडीने मोठं घर. मोठं घर झालं की मागच्या घरात भाडेकरू. जो तो त्याच नादात. बायका भेटल्या की आधी स्वयंपाकाचं नाही, औटहाऊसचं विचारायच्या. मागे जिना घेतला का, न्हाणीघर आत की बाहेर, छपराला मंगळुरी कौलं की दगडी फरशा. मलाही तो नाद लागला. पण माझ्या डोक्यात भाडेकरू नव्हता. लेकीच्या घरी राहायचं नसेल, तर लेकीच्या परसात स्वतःच्या घरी राहायला काय हरकत आहे?

दादांना विचारलं. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि म्हणाले, "चूल वेगळी, दार वेगळं, भाडं घेणार असशील तर मग बघू." दादांचं 'मग बघू' म्हणजे होकार. लहानपणी जत्रेला जायचं का विचारल्यावरही ते असंच म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी आधी स्वतः तयार होऊन बसायचे.

पुढचं घर ह्यांनी बांधलं, मागचं मी. मेस्त्री मुनियप्पा रोज विचारायचा, "यारिगम्मा ई मने?" कुणासाठी हे घर? मी म्हणायचे, "तंदेगे." वडिलांसाठी. तो तोंडात बोट घालायचा. आमच्याकडे घर मुलगा बांधतो, म्हणायचा. मी म्हणायचे, मुलगा नसेल तर? मग तो चुन्यात पाणी घालायला लागायचा. पूर्वेला दार केलं, ते आमच्या अंगणात नाही, मागच्या गल्लीत उघडणारं. पुढे कट्टा, उंची अशी की बसल्यावर दादांचे पाय जमिनीला टेकावेत. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात दोन खिडक्या, म्हणजे तवा आणि निखारा वेगळे दिसतील. त्यातली एक खिडकी माझ्या स्वयंपाकघरासमोर यावी हे मी कुणाला न सांगता जमवलं. आतली जमीन लाल सिमेंटची. ती घोटून घोटून अशी गुळगुळीत केली की अरुण तिच्यावर मांडी घालून घसरायचा. मला आठवतं, त्या दिवसांत मी रस्त्याने चालतानासुद्धा गुणगुणत असे.

मग वास्तुशांत. ह्यांना रजा एकाच दिवसाची. भटजी म्हणाले, "एक कुंपण, एक वास्तू. दोन्ही घरांची एकच शांत होईल. कशाला दोनदा खटाटोप?" आम्हाला ते पटलं. न पटायला काय होतं? मी शालू नेसून ह्यांच्या शेजारी पाटावर बसले, होम झाला, आणि वास्तुपुरुषाची प्रतिमा रिवाजाप्रमाणे आग्नेय कोपऱ्यात पुरली. सगळ्या प्लॉटचा आग्नेय कोपरा पडला मागच्या घरात, दादांच्या चुलीपाशी. मला तर तो शुभशकुन वाटला. साऱ्या वास्तूचा देव माझ्या वडिलांच्या चुलीखाली!

दादा आले. ह्या वेळी पिशवी नव्हती, ट्रंक होती. ते पाहून मला काय वाटलं ते कसं सांगू! त्यांनी घर हाताने चाचपून पाहिलं. चौकट, कडी, खिडकीचे गज. कट्ट्यावर बसले, पाय टेकतात का ते पाहिलं आणि हसले. ते इतके हसलेले मी आईच्या जाण्यानंतर पाहिलेच नव्हते. मग आत येऊन चुलीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "शांत केलीत ना? वास्तुपुरुष कुठं पुरला?"

मी फुशारकीने सांगितलं, "इथंच. तुमच्या चुलीखाली."

"पूजेला कोण बसलं होतं?"

"आम्ही दोघं."

चुलीच्या कडेवरून दादांनी एकदा हात फिरवला. "मग घर जावईबापूंचंच झालं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. हे पुढे होऊन म्हणाले, "दादा, पुन्हा शांत करू, तुम्ही पाटावर बसा." दादांनी मान हलवली. "एका वास्तूला दोन यजमान नसतात. आणि पुरलेला देव कुणी उकरतं का?"

मी भांडले. वेगळं दार दाखवलं, वेगळी चूल दाखवली, भाड्याची आठवण करून दिली. नको नको ते बोलले. शेवटी म्हटलं, "एवढंच होतं तर माझं लग्नच करायचं नव्हतंत!" दादा कट्ट्यावर बसले होते. म्हणाले, "तेही एकदा मनात आलं होतं. पण बापानं तसं वागायचं नसतं."

ते आठवडाभर राहिले, पाहुण्यासारखे. जेवायला पुढच्या घरात, झोपायला पुढच्या घरात. सकाळी मात्र मागच्या कट्ट्यावर जाऊन ऊन खात बसायचे. ती चूल त्यांनी पेटवली नाही. निघाले तेव्हा सिटी स्टेशनवर ट्रंक ह्यांनी उचलली, आणि ह्या खेपेला दादांनी उचलू दिली.

हे म्हणायचे, "त्यांना गाव सोडवत नव्हतं. कारण सापडलं, इतकंच." मला काही दिवस ते खरं वाटायचं, काही दिवस नाही. ज्याचा जन्म एका गावात गेला त्याला डोळे अधू झाल्यावर दुसऱ्या गावात चाचपडायची भीती वाटणारच. ती माझ्यापाशी बोलायला त्यांना लाज वाटली असेल. आणि खरंच रिवाज आड आला असेल, तर त्या रिवाजाला मी काय म्हणू? लेक परक्याचं धन म्हणतात. परकं धन झाले, पण लेक असायची थांबले का?

दोन पावसाळ्यांनी तार आली. मी पोचेपर्यंत लांबच्या एका चुलतभावाने अग्नी दिला होता. दिवस झाल्यावर खोली आवरत होते तेव्हा ताराकाकू उंबऱ्यात येऊन बसल्या. म्हणाल्या, "आता बंगळूरच्या घराकडं कोण बघणार गं?"

"कुठल्या घराकडे?"

"दिवाणजींच्या. रोज देवळाच्या पायरीवर बसून सांगायचे बघ सगळ्यांना. माझं घर पूर्वेच्या तोंडाचं. कट्ट्यावर बसलं की पाय टेकतात. सैपाकाला दोन खिडक्या, एका खिडकीतनं लेक दिसते. तिच्यात नाही राहत आपण, आपलं आपलं हाय. डोळं बरं झालं की जाणार म्हणायचे."

म्हणजे खिडकीचं त्यांना कळलं होतं. मी खाली बसले आणि त्या ओसाड खोलीत मोठ्याने रडले. ताराकाकूंना वाटलं, मी वडील गेले म्हणून रडते आहे. ते तर होतंच. पण मला जो होकार दिला नाही, तो त्यांनी साऱ्या गावाला दिला होता.

दादांची खोली आता वखारीच्या मालकांनी तंबाखू भरायला घेतली आहे. निपाणीत उतरले तरी जायचं कुठे, हा प्रश्न आहे. माझ्यासारख्या दूर गेलेल्या बायकांनो, तुम्हाला सांगायला नको, बाप असतो तिथे माहेर असतं, आणि तो गेला की रस्ता तोच राहतो, फक्त शेवटी काही नसतं. मी मागच्या घराचं कुलूप काढते, जमीन पुसते, खिडक्या उघडते आणि कट्ट्यावर थोडी बसते. एवढंच माझं माहेरी जाणं.

घर कुणाला दिलेलं नाही. शेजारी मला वेडी म्हणतात, कारण जागेसाठी माणसं दारोदार फिरत आहेत. परवाच चिकोडीकडचा एक पोरगा नव्या नवरीला घेऊन आला होता. मराठी ऐकून त्याचा चेहरा फुलला. "अक्का, मागचं औटहाऊस खाली हाय काय? बंद दिसतंय म्हणून विचारलं."

हे माझ्या मागे दारातच उभे होते.

"नाही रे," मी म्हणाले, "माझ्या वडिलांचं घर आहे ते. ते निपाणीला असतात."