पिंजरा एक, नग दोन

पिंजऱ्याचा रंग वाळला आणि त्याच दिवशी लाडलीनं जेवण सोडलं.

ही बातमी माझ्याकडं आली, कारण पिंजरा मी बांधला होता. रावसाहेबांनी, म्हणजे आमच्या बांधकाम खात्याच्या मोठ्या इंजिनिअरांनी, मला कचेरीत बोलावलं.

"ओव्हरसियर, तुमच्या पिंजऱ्यात काहीतरी खोट आहे. जनावर खात नाही."

"साहेब, मी गवंडीकाम बघतो. जनावराची भूक प्लॅनमध्ये नव्हती."

"मग आता घाला," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा पुसायला लागले की बोलणं संपलं असं समजायचं.

ओव्हरसियर म्हणजे इंजिनिअरच्या शिव्या खाली गवंड्यापर्यंत आणि गवंड्याच्या सबबी वर इंजिनिअरपर्यंत पोचवणारा माणूस. कोल्हापूर दरबारात मी हेच केलं आणि पेन्शन घेतली. त्यातून मी जैन. आमच्या घरात कांदासुद्धा येत नाही. अशा माणसाच्या नशिबी महाराजांच्या जनावरांच्या बागेचं काम आलं, आणि सुरुवात मटण तोडायच्या खोलीपासून. त्या खोलीची मापं मी नाकाला उपरणं बांधून घेतली होती. ती थोडी तिरकी झाली, ती त्यामुळंच.

बाग तेव्हा वाढत होती. कागदावर तर फारच वाढत होती. अस्वलाला नवी जागा दिली, मग ती हरणांना हवी झाली, मग अस्वल पुन्हा जुन्या जागी आलं, तोवर तिथं माकडं राहायला आली होती. मगरीच्या हौदात पाणी ठरेना, म्हणून त्यात साळिंदर सोडलं. मोरांचं घर मंजूर होतं, पण पैसे पुढच्या सालात मिळायचे होते. तोवर मोर कचेरीच्या छपरावर राहायचे आणि साहेब इन्स्पेक्शनला आले की बरोबर प्लॅनवर शिटायचे.

हा घोळ समजायला एक शब्द कळला पाहिजे. हेड. सरकारी पैसा एका पेटीत नसतो. पेटीला खण असतात आणि खणाला म्हणतात हेड. इमारतीचं हेड निराळं, नोकरांचं निराळं, जनावरांच्या खुराकीचं निराळं. एका खणात पैसा सडत असला आणि दुसऱ्यात ठणठणाट असला, तरी इकडचा तिकडं करायचा नाही. त्या साली इमारतीचं हेड तुडुंब होतं आणि नोकरांचं कोरडं ठाक. त्यामुळं बागेत लोखंडी गज पाहिजे तेवढे होते, पण झाडू मारायला माणूस नव्हता.

आता लाडली. लाडली ही शिकारी चित्तीण. चित्ता म्हणजे बिबट्या नव्हे. हे अंगानं सडपातळ, स्वभावानं लाजाळू जनावर. त्याला माणसाळवून काळविटांच्या मागं सोडत. आमच्या चित्तेखान्यात चित्त्याला पिंजरा कधी नव्हताच. चित्ता खाटेवर झोपायचा आणि शेजारच्या खाटेवर त्याचा चित्तेवान, म्हणजे त्याला सांभाळणारा माणूस. सकाळी डोळ्यांवर चामड्याची टोपी घालून त्याला बाजारातून फिरवून आणायचं, म्हणजे गर्दीची सवय मोडत नाही. कोल्हापूरच्या बायका भाजीची पाटी जरा सरकवून चित्त्याला वाट द्यायच्या. परगावचा माणूस मात्र टांग्यातून उडी टाकून पळायचा.

रावसाहेब मुंबईची बाग बघून आले होते. "जनावर खाटेवर? ही काय धर्मशाळा आहे?" असं म्हणून त्यांनी पिंजऱ्याचं एस्टिमेट करायला लावलं आणि खाली स्वतःच्या हातानं एक वाक्य घातलं. पिंजरा झाल्यावर माणसाची गरज राहणार नाही. ते वाक्य वाचून वरच्या लोकांना इतका आनंद झाला की मंजुरी लगेच आली. पिंजरा झाला आणि लाडलीचा चित्तेवान इब्राहिम याची नोकरी गेली.

हा इब्राहिम गरीब-बिरीब स्वभावाचा नव्हता. मिशीला रोज तूप लावणारा, आवाजानं तालमीतल्या पैलवानाला लाजवणारा, आणि आपल्यासारखा चित्तेवान सात मुलखांत नाही असं स्वतःच सांगणारा. पण बाप-आजापासून त्यांच्या घरात हेच काम. दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायचीही तयारी नव्हती.

मी पिंजऱ्यापाशी गेलो. लाडली कोपऱ्याकडं तोंड करून बसली होती. पुढ्यात मटण तसंच, त्यावर माश्या. बरगड्या दिसायला लागल्या होत्या. मला मटणाची किळस येते, पण त्या दिवशी तिनं ते खाल्लं असतं तर मी पेढे वाटले असते. थेट इब्राहिमच्या घरी गेलो.

दारात त्याची बायको अमिनाबी उभी होती. मला बघून तिनं पदर खोचला.

"आलासा? न्या ह्यांना. कुठं बी न्या, पर न्या."

"काय झालं वहिनी?"

"झोपत न्हाईत. ती शेजारी घुरघुरल्याबिगर ह्यांचा डोळा लागत न्हाय. म्या म्हटलं, मी बी घोरते की! तर म्हणत्यात, तुझ्या घोरण्यात त्यो सूर न्हाय."

आत इब्राहिम भिंतीला टेकून बसला होता. मिशीला तूप नव्हतं.

"इब्राहिमभाई, लाडली जेवत नाही."

तो ताडकन उठला. मग आठवण झाल्यासारखा पुन्हा खाली बसला. "मग मला काय सांगतासा? तुमचा पिंजरा हाय. गजांस्नी सांगा भरवायला."

"मरेल ती."

तो चपला शोधायला लागला. चपला पायातच होत्या.

त्यानं पिंजऱ्यात शिरताना स्वतःची खाट डोक्यावर घेतली होती. खाट टाकली, बसला आणि लाकडी पळीनं वाडग्यावर टकटक केलं. शिकार झाली की याच पळीनं तिला पहिला घास मिळायचा. लाडलीनं मान वळवली, खाटेवर चढली आणि जेवायला लागली. मी पाठ फिरवली. एक तर ते मटण होतं, आणि दुसरं म्हणजे डोळ्यांत पाणी आलं होतं. ते गवंड्यांनी बघू नये असं मला वाटलं.

ती जेवली, पण इब्राहिम उठला की तीही उठायची. शेवटी तो तिथंच राहिला. प्रश्न उभा राहिला त्याच्या पगाराचा. मी खजिन्यातल्या तात्यांकडं गेलो. हे तात्या आमचे हिशेबनीस. माणूस मायाळू, फक्त हेडच्या बाहेर पाऊल टाकणार नाही.

"नोकरांचं हेड बंद आहे," तात्या म्हणाले.

"मग काय त्यानं उपाशी मरायचं?"

"छे! उपाशी का? खुराकीचं हेड उघडं आहे की. पिंजऱ्यात राहतो ना? मग झालं." आणि माझ्यादेखत त्यांनी लिहिलं, लाडली, नग एक. इब्राहिम, नग एक.

तात्यांना यात विनोद दिसत नव्हता. आपण एका माणसाचं पोट वाचवलं याचंच समाधान त्यांच्या तोंडावर होतं. आणि खरं सांगायचं तर वाचवलंही होतं. अडचण एवढीच, की खुराकीच्या हेडमधून पैसे देता येत नाहीत, वस्तूच द्यावी लागते. आणि लाडलीच्या पिंजऱ्याला वस्तू एकच मंजूर होती, मटण. इब्राहिमच्या घरी रोज चित्त्याच्या मापानं मटण जायला लागलं. सगळी गल्ली पोटभर जेवायची, पण अमिनाबीकडं मिठाला पैसा नसायचा. ती वाटीभर रस्सा देऊन चिमूटभर मीठ आणायची.

त्यावर पाटीवाल्यानं कळस चढवला. प्रत्येक पिंजऱ्यावर पाटी लावायचा हुकूम होता, आणि नावं त्याला तात्यांकडून मिळाली होती. 'लाडली. मादी. खाद्य मांस.' त्याखाली 'इब्राहिम. नर. खाद्य मांस.'

मग काय, गर्दीच गर्दी! शाहूपुरीतले व्यापारी कुटुंबाला घेऊन यायला लागले. गगनबावड्याकडची माणसं बाजार करून परत जाताना वाट वाकडी करायची. लाडली झोपलेली असायची, त्यामुळं सगळे इब्राहिमलाच बघायचे. एकदा एक म्हातारबा गजांना नाक लावून बराच वेळ उभे होते. शेवटी त्यांनी विचारलं,

"पावणं, तुमी चावता का?"

"जवळ या, सांगतो," इब्राहिम म्हणाला.

म्हाताऱ्यानं खूश होऊन आत भुईमुगाच्या शेंगा टाकल्या. इब्राहिमनं त्या सोलून खाल्ल्या. पण संध्याकाळी मी पिंजऱ्याकडं गेलो तेव्हा तो खाटेवर पाठ करून पडला होता.

"अण्णा, माझा धाकटा आज आलता," तो म्हणाला. "पाटी वाचली त्यानं. साळंत जातोय न्हवं. म्हणाला, अब्बा, तुमी नोकर हाय का जनावर? काय सांगू त्याला?"

पाटी तेवढी मी उचकटून काढली. दुसऱ्या दिवशी सरकारी मालाचं नुकसान केलं म्हणून माझ्याकडं खुलासा मागण्यात आला.

असे काही महिने गेले आणि एका सकाळी हुकूम आला. महाराजांचे पाहुणे शिकारीला निघालेत, लाडलीला घेऊन या. चित्त्याची गाडी फाटकाशी आली, बैल जुंपलेले. पाहुणे माळावर जाऊन बसलेसुद्धा. इब्राहिमनं लाडलीच्या डोळ्यांवर टोपी घातली आणि दोरी धरून तिला फाटकापर्यंत आणलं. तिथं पहारेकऱ्यानं भाला आडवा घातला.

"पास एकाच जनावराचा हाय. बाहेर दोन निघाल्यात."

"दुसरं कुठलं?" मी ओरडलो.

त्यानं शांतपणे इब्राहिमकडं बोट दाखवलं. "नग दोन. माझ्याकडं लिवलंय."

मी तात्यांना बोलावणं धाडलं. तात्या धापा टाकत आले. "अहो, सोपं आहे. दुसऱ्या नगाचाही पास करू. फक्त जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागेल. खरूज नाही, लाळ गळत नाही, एवढंच."

हे ऐकलं आणि इब्राहिम वळला. लाडलीला घेऊन तडक पिंजऱ्यात गेला, खाटेवर बसला आणि गजांतून हात बाहेर काढून बाहेरची कडी स्वतःच लावून घेतली. मी कडी बाहेरून केली होती, पण गजांतून हात जाईल एवढी जागा ठेवली होती.

"आता न्हाय येत," तो म्हणाला.

रावसाहेब घोड्यावरून आले. "इब्राहिम, पाहुणे खोळंबलेत! हा काय तमाशा आहे?"

"साहेब, जनावर म्हणून आत ठेवलासा. ऱ्हायलो. शेंगा बी खाल्ल्या. पर भाईर यीन तर माणूस म्हणून यीन. न्हायतर चित्तीण तुमी न्या. दाराला कुलूप न्हाय की."

रावसाहेबांनी दार उघडलं. लाडलीच्या डोळ्यांवर टोपी होती, पण तिनं नुसता अनोळखी वास घेतला आणि घशातून असा आवाज काढला की साहेबांनी दार फार सभ्यपणे परत लावलं.

"तात्या," ते म्हणाले, "ह्याला आत्ताच्या आत्ता नोकर करा. हेड कुठलंही असो."

"करतो की! पण आधी त्याचं नाव जनावरांतून कमी करावं लागेल."

"मग करा कमी!"

"जनावर दोनच तऱ्हेनं कमी होतं, साहेब. विकलं तर, नाहीतर मेलं तर."

पिंजऱ्यातून इब्राहिमच म्हणाला, "मारा मला. इकू नगा."

तात्यांनी त्याला तिथंच, कठड्यावर कागद ठेवून, मारलं. कारण लिहिलं, वृद्धापकाळ. पाठोपाठ इब्राहिम नावाच्या इसमाची नेमणूक केली. ती इमारतीच्या हेडमध्ये बसवली, पिंजऱ्याची कडी सांभाळणे, असं काम दाखवून. इब्राहिम मिशी पिळत बाहेर आला. त्या दिवशी लाडलीनं काळवीट पकडलं असं म्हणतात. मी बघायला गेलो नाही. पिंजरा रिकामाच राहिला, कारण पुढं दोघंही चित्तेखान्यात आपापल्या खाटेवर झोपायला लागले. त्यात मी चुन्याची पोती ठेवली. पोती पळून जात नाहीत, त्यामुळं पिंजरा अगदी योग्य होता.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण बागेचा एक नियम होता. जनावर मेलं की त्याचं कातडं स्टोअरमध्ये जमा करायचं. लाडलीच्या जोडीदाराचं कातडं आलेलं नाही, ते ताबडतोब पाठवावं, अशी मला खजिन्यातून लेखी आठवण आली. मी उत्तर दिलं, की कातडं अजून वापरात आहे. पुढच्या साली पुन्हा आठवण आली. तात्या गेले, नवे हिशेबनीस आले, त्यांनीही मोठ्या निष्ठेनं आठवण पाठवली. माझ्या पेन्शनची वेळ आली तेव्हा कागद अडला तो नेमका तिथं. कातडं येणे बाकी.

इब्राहिमला मी हसत हसत सांगितलं. लाडली त्याआधीच म्हातारी होऊन गेली होती, त्याच्या शेजारच्या खाटेवर, झोपेतच. तो हसला नाही. घरी गेला आणि रुमालात काहीतरी बांधून घेऊन आला. लाडलीची टोपी होती. चामडं घासून घासून मऊ झालेलं, आतून तिचे दोन-चार केस अजून चिकटलेले.

"हे द्या," तो म्हणाला. "माझंच कातडं हाय की हे."

स्टोअरकीपरनं टोपी उलटीपालटी करून बघितली, आकार जरा लहान वाटतो म्हणाला, आणि पावती फाडली. 'इब्राहिम, नर, कातडं मिळालं.' माझी पेन्शन सुरू झाली. इतकी वर्षं बांधकाम करून मी जे शिकलो ते एवढंच, की पिंजऱ्याचं एस्टिमेट करण्याआधी जनावर कुणाशेजारी झोपतं ते विचारून घ्यावं. पावती मी इब्राहिमला देऊ केली होती. तो म्हणाला, "तुमीच ठेवा, मला वाचता येत न्हाय." ती अजून माझ्याकडं आहे.