थेंबाच्या पोटातले थेंब

माझी बहीण संयोगिता कोल्हापुरात प्रयोगशाळेत काम करती. काय काम करतीस म्हणून कुणी विचारलं की सांगती, "थेंबात थेंब कोंडती." आता ह्यावर पावण्यानं बोलायचं काय? मी चेष्टा करायचो, त्यापेक्षा म्हशीची धार काढायला ये की, तेवढं तरी कामाचं हाय.

पण आमची आई, बनाबाई, रक्त कमी होऊन चार पायऱ्या चढली की मटकन बसायला लागली, तवा माझी चेष्टा बंद पडली. लोहाचं औषध तिला सोसायचं न्हाय. गंजका विळा चाटल्यागत तोंड करायची आन् भडाभडा ओकायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागंल.

संयोगिता म्हणाली, "दादा, जिभंला लोह कळलंच न्हाय तर?" डॉक्टरांना विचारून तिनं लोह पाण्यात विरघळवलं, त्या पाण्याचे बारीक थेंब तेलाच्या थेंबात कोंडले, आन् ते तेलाचे थेंब आमच्याच म्हशीच्या दुधात सोडले. जिभंला नुसतं दूध लागणार, पोटात तेल पचलं की लोह सुटणार. प्रयोगशाळेतनं घरी आणलेल्या मायक्रोस्कोपमधनं तिनं मला दाखवलं. एकेका थेंबाच्या पोटात बारकं बारकं थेंब दाटीवाटीनं बसल्यालं. मी आ करून बघतच राहिलो. दुधात एवढं सगळं मावतंय, आन् मी जल्मभर ते नुसतं लिटरनं मोजलं.

पण रोज ताजं करणं जमणारं न्हवतं, आन् रात्रभर ठेवलं की फुटायचं. आतलं पाणी लोहानं दाट, भाईरचं पातळ. भाईरचं पाणी तेलातनं आत झिरपायचं, आतले थेंब फुगायचे आन् फुटायचे. सकाळी चाखलं की तोच गंज. बाटल्यावर बाटल्या ओतून टाकल्या. पोरगी रडकुंडीला आली.

एका सकाळी तिनं फ्रीज उघडला तर बाटलीतलं दूध तांबूस. लोह भाईर सुटलं असं वाटून तिचा चेहराच उतरला.

"काल काकवी घातली मी त्यात," आई ओट्यापासनं म्हणाली. "बिनगोडाचं दूध काय माणसं पित्यात व्हय?"

संयोगिता लई भडकली. तरी सवयीनं एक थेंब काचेखाली धरला, आन् मला जवळ ओढलं. "दादा, बघ की."

सगळं थेंब शाबूत. काकवीच्या गोडानं भाईरचं पाणी आतल्याइतकंच दाट झालं हुतं, त्यामुळं त्याला आत शिरायचं कारणच उरलं न्हवतं.

तिनं पेला भरून आईला दिला. आईनं गटागटा पिऊन ओठ पुसले. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं बघत उभे. तोंड वाकडं न्हाय, उमासा न्हाय. आता तिच्या पोटात ते हजारो थेंब एकेक करून उघडत असतील, ह्या विचारानं माझे डोळे भरून आले.

आईनं पेला खाली ठेवला, पदर सावरला आन् मन घट्ट करून म्हणाली, "आण आता ते तुझं औषध. आज नाक दाबून पिती, पर ओकायची न्हाय बघ."