रंगवलेला माठ

मे महिन्याचा पहिला रविवार. रक्कम पाचशे रुपये. हजर: आमच्या मुलुंडच्या सोसायटीचे सेक्रेटरी, खजिनदार आणि मी. दंडाचं कारण, आमचा माठ मजल्यावरच्या पॅसेजमध्ये, जाळीसमोर होता आणि त्याखाली ओल आली. मी पैसे भरले, पावती घेतली, माठ घरात आणला.

सासऱ्यांना फ्रिजचं पाणी चालत नाही, घसा धरतो. ओट्याशेजारी वारा नाही. थर्मामीटर बुडवून पाहिला: पॅसेजमध्ये अठ्ठावीस असायचं, आत एकतीस. सासरे एक घोट घेऊन पेला खाली ठेवायचे. ते मी विसरले नाही.

दोन आठवड्यांनी शेजारच्या सेक्रेटरींनी स्वतःच्या बाल्कनीत माठ ठेवला. सोफ्याला शोभेलसा, निळ्या ऑइल पेंटने रंगवलेला. मला मुद्दाम बोलावून दाखवला.

"बघा वहिनी, माठ असा ठेवायचा. थेंब नाही, ओल नाही."

पाझरत नाही तो माठ पाणी गार करत नाही, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "झकास आहे हो!"

पुढच्या आठवड्यात केबलच्या कामासाठी रोज दिवसा वीज बंद. बुधवारी त्यांच्या मुलीच्या होणाऱ्या सासरची मंडळी आली. शेजारीण म्हणून मीही होते. सकाळीच माठात भरून ठेवलेलं कोकम सरबत आलं. मुलाच्या आईने घोट घेतला.

"सार छान झालंय हो. भात मागून येतोय का?"

सगळे हसले. मी जरा जास्तच हसले.

संध्याकाळी सेक्रेटरी दारात. "वहिनी, शनिवारी परत येणारेत ती. माठाचं काय चुकलं, सांगा ना."

"आधी माझा दंड परत. सोसायटीच्या खात्यातून, तुमच्या आणि खजिनदारांच्या सहीने. आणि माझा माठ पॅसेजमध्ये राहील, असं लिहून."

"अहो, आपल्यात एवढं काय..."

"मग पाजा सार."

गुरुवारी पैसे आणि कागद दोन्ही आले. मी सांगितलं, "रंगाने माठाची छिद्रं बुजलीत. कोरा घ्या, दिवसभर भिजवा, ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात ठेवा."

"आमची बाल्कनी तर काचांनी बंद आहे. पॅसेजमध्ये ठेवतो."

"कागद नीट वाचा. परवानगी फक्त माझ्या माठाला आहे."

तरी शनिवारी त्यांचा माठ पॅसेजमध्ये होताच. सरबत गार होतं, मी दोन पेले प्यायले. मग लेखी तक्रार दिली. दंड पाचशे रुपये. भरले सेक्रेटरींनी, घेतले खजिनदारांनी. पावती होईपर्यंत मी उभी होते.